डाकारसमोरचं जहाज

फ्रीटाऊन, क्लाइन टाऊन
४ ऑगस्ट १९४०

फासिने,

सलाम लिहिला नाही तर कबरीतले बाबा माझ्यावर रागावतील, म्हणून सलाम. बाकी तुझ्याशी गोड बोलावं असं तू काही केलेलं नाहीस.

मी अजून मोर्लायदादाकडेच आहे. तू पलटणीत पुन्हा नाव घालून आलास आणि ते मला पाणवठ्यावर दुसऱ्या बाईकडून कळलं, त्या दिवशी मी बोचकं बांधलं ते अजून सोडलेलं नाही. लागेल तशी एकेक वस्तू काढते आणि पुन्हा आत कोंबते. वहिनी असती तर हसली असती. दादाचं घर बाईमाणसाशिवाय जसं असायचं तसंच आहे.

मला वाटलं होतं, महिनाभर रुसून बसेन, तू सुट्टी काढून सरहद्दीवरच्या बेंटीपर्यंत येशील आणि मी भांडत भांडत तुझ्यामागे घरी येईन. तेवढ्यात तुमचे फ्रेंच जर्मनांपुढे हरले. कालपरवापर्यंत इकडचे इंग्रज आणि तिकडचे फ्रेंच एका ताटात जेवत होते. आता इंग्रज म्हणतात, डाकारचे फ्रेंच जर्मनांच्या तालावर नाचतात. आणि जुलैत त्यांनी तुमच्या डाकार बंदरातल्या मोठ्या जहाजावर हल्लाही केला. सरहद्द बंद झाली. मेलाकोरे नदीच्या अलीकडची मावशी पलीकडच्या भाचीच्या बारशाला जाऊ शकत नाही. जर्मन माणूस दिसतो कसा, हे दोघींनाही ठाऊक नाही.

हे पत्र सोरीकाकांबरोबर देते. ते सुकी मासळी घेऊन येलिबुया बेटावर जातात, तिथून त्यांचा मेहुणा होडीने बेंटीला पोचवेल, पुढे तुमचं टपाल आहेच. बाबांनी शिकवलेल्या अरबी अक्षरांत आपली सुसू भाषा लिहिली की दोन्हीकडचे साहेब नुसतं उलटसुलट करून बघतात आणि जाऊ देतात.

तू निरोप पाठवलास, ‘राग उतरला की ये.’ उतरायला तो काय ताप आहे?

मागच्या खेपेला फुशारकीने लिहिलं होतंस, समुद्राकडे तोंड केलेल्या मोठ्या तोफेवर तुला घेतलं म्हणून. तिच्याजवळ उभा राहत जाऊ नकोस. म्हणजे, राहावं लागेलच. पण गरज नसताना नको.

दादा बरा आहे. बंदरात काम मिळालंय. कपडे पांढरे असतात आणि ते मला धुवावे लागतात. कसलं काम, ते विचारू नकोस.

म्बालिया


फ्रीटाऊन
१८ सप्टेंबर १९४०

फासिने,

हे वाचलंस की लगेच आजारी पड.

मी थट्टा करत नाही. दाढ दुखते म्हण, पोटात मुरडा येतो म्हण, वेड लागलं म्हण, ते तर कुणालाही पटेल. पण इस्पितळात जाऊन पड. किनाऱ्यापासून लांबच्या इस्पितळात.

का, ते लिहिता येत नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा चुलीत घातलं. लिहिलं तर माझं एक माणूस जाईल, नाही लिहिलं तर दुसरं. तुला एवढ्यावरून काही कळलं तर कळू दे.

दादा आज सकाळी गेला. ‘ह्या वेळी जरा लांब जातोय,’ म्हणाला. किती लांब, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही दोघं दारात उभे राहून कोंबड्यांबद्दल बोललो.

सोरीकाका बाहेर खाकरतायत. ओहोटी माझ्यासाठी थांबायची नाही, असं तिसऱ्यांदा सांगून झालं.

आजारी पड, फासिने. एवढं एक माझं ऐक.

म्बालिया


फ्रीटाऊन
१ ऑक्टोबर १९४०

फासिने,

हे पत्र कुणाला लिहिते आहे, मला माहीत नाही. तू असशील तर तुला.

मागचं पत्र तुला वेळेत मिळालं नसणार. सोरीकाका येलिबुयाला पोचले तोवर डाकारची लढाई होऊन गेली होती.

आता लपवण्यात अर्थ नाही. दादा इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर आहे. गोऱ्या खलाशांच्या हाताखाली डेक धुणं, होडी वल्हवणं, पिंपं हलवणं, असली कामं. तुला सांगितलं नाही, कारण तुझं उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही दोघं आपल्या लग्नातसुद्धा एकमेकांच्या मालकांवरून भांडला होतात, आणि तेव्हा तर तुमचे मालक मित्र होते.

ती जहाजं कुठे निघाली, ते मला मासळीवाल्या कादियातूने सांगितलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, “इंग्रजांनी फार गुपित ठेवलंय बरं का. बाजारात एकाला जरी ठाऊक नसेल तर माझं नाव बदल.”

“कुठे निघालेत?”

“तुझ्या सासरी.”

मी हातातली बोंगा मासळी तिथेच टाकून घरी आले.

परवा जहाजं परत आली. त्यातलं एक कुशीवर कललेलं होतं, लंगड्या गुरासारखं ओढत आणलं. सगळा गाव टेकडीवर उभा होता. कुणाचा ना कुणाचा माणूस दोन्हीकडे आहे.

दादा काल दुपारी आला. आत येईना. “बाहेरच बरं आहे,” म्हणाला. छपराखाली त्याला बसवत नव्हतं. मी पेज दिली, ती त्याने उभ्याउभ्याच प्यायली आणि वाडगा हातातच धरून राहिला.

“फासिने कुठल्या तोफेवर आहे म्हणालीस?”

“समुद्राकडच्या.”

“सगळ्याच समुद्राकडे असतात, म्बालिया.”

मग तो बोलायला लागला. माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “पहिल्या दिवशी धुकं होतं, किनारा दिसेना. दुसऱ्या दिवशी तोफांच्या दारूच्या कोठीत माणसं कमी पडली, तेव्हा आम्हालाही खाली नेलं. दारूच्या पिशव्या हातोहात यायच्या, मी त्या पाळण्यात ठेवायचो. पाळणा वर तोफेकडे जायचा. मग सगळं जहाज मागे सरकायचं. दर खेपेला मनात म्हणायचो, ही पाण्यात पडू दे.”

“मग पडली?”

“खाली काय दिसतं? चार भिंती दिसतात.”

“तू ठेवायचं नाहीस.”

“मागचा माणूस पुढची पिशवी हातात देतच असायचा गं. न ठेवून ती धरणार कुठे?”

मी त्याला काय बोलले, ते लिहीत नाही. त्याचे कपडे मात्र धुतले नाहीत. आज सकाळी त्याने स्वतःच धुतले, वाळत घातले, आणि वाळायच्या आत अंगात अडकवून निघून गेला.

परवापासून रोजे सुरू होतील. काय मागायचं ते ठरलेलं आहे. पण मागायला बसले की मनात आधी त्याचं नाव येतं की तुझं, ह्याचीच मला भीती वाटते.

म्बालिया


फ्रीटाऊन
१० नोव्हेंबर १९४०

निर्लज्ज माणसा,

तू जिवंत आहेस!

सगळा रमजान मी तुझ्यासाठी रडले. ईदला नवं कापड अंगाला लावलं नाही. शेजारणी माझ्याकडे विधवेकडे बघतात तशा बघायला लागल्या होत्या. आणि काल सोरीकाका आले, मासळीची टोपली उतरवली, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले आणि मग म्हणाले, “पोरी, तुझा नवरा बेंटीच्या धक्क्यावर बंदूक घेऊन उभा आहे.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायचंय कुणी? ह्या डोळ्यांनी पाहिला. मेहुण्याच्या होडीत मी स्वतः होतो. ओरडलो, फासिने! अरे ए फासिने! बायकोचा सांगावा आहे! मान वळवली नाही पठ्ठ्याने. माजलाय तो.”

मी काकांच्या गळ्यात पडले, मग काकांवर ओरडले, मग चुलीवरचा भात करपला. इतक्या जवळ आलास आणि एक ओळ लिहिली नाहीस? डाकारहून बेंटीला बदली होते, तिथून इंग्रजी हद्द नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि बायकोला कळवावंसं वाटत नाही? काकांना ओळख दिली नाहीस? एवढं काय आहे बाहीवर, पट्टी की आणखी काही?

मी येते आहे. रागाने येते आहे, हे लक्षात ठेव.

दादाला सांगितलं, तर म्हणाला, “मी वल्हवतो.”

“तू इंग्रजांचा माणूस. धरलं तर तुरुंगात सडवतील.”

“जहाज दुरुस्तीला आहे, आम्हाला सोडलंय. आणि त्या खाड्या मला तुझ्या सोरीकाकांपेक्षा जास्त ठाऊक आहेत. तिथेच पोहायला शिकलो मी.”

“खरं काय ते बोल, दादा.”

त्याने वल्हं पुढ्यात ओढलं आणि म्हणाला, “मला त्याला तोंडावर सांगायचंय.”

“तो गोळी घालेल तुला.”

“घालू दे. निदान कोण घालतोय ते दिसेल.”

मी खूप समजावलं. तो ऐकत होता आणि वल्ह्याला तेल लावत होता. हे पत्र मी पुढे पाठवत नाही, पदरात बांधून आणते आहे. मी तोंड उघडलं की भांडणच निघेल, म्हणून तू आधी हे वाच. आणि दादा जे सांगेल, ते बंदूक खाली ठेवून ऐक. तुमच्या दोघांमध्ये मी उभी राहीन, पण मी काही फार रुंद बाई नाही.

म्बालिया


बेंटी
२ डिसेंबर १९४०

मोर्लायदादा,

तू सुखरूप पोचलास, हे सोरीकाकांच्या मेहुण्याने सांगितलं. तू कुणाशी बोलत नाहीस, हेही सांगितलं. म्हणून हे लिहिते आहे. नीट वाच, घाईने नको.

त्या दिवशी शेवटी तू होडीत जाळ्याखाली होतास. तुला आवाज ऐकू आले, दिसलं काहीच नाही. मला सगळं दिसलं, आणि तरी त्या वेळी मलाही कळलं नव्हतं.

ओहोटीने आपल्याला भर दुपारी चिखलात बसवलं, धक्क्याच्या समोर, लपायला एक झुडूप नाही. फासिने बंदूक रोखून चिखल तुडवत आला. मला ओळखलं तेव्हा बंदुकीची नळी आपोआप खाली गेली. मी तोंड उघडायच्या आत तू उभा राहिलास आणि सगळं सांगून टाकलंस. जहाज, कोठी, पिशव्या. तुझा आवाज फुटत होता. तो तुझ्या तोंडाकडे बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. त्याचा चेहरा इतका कोरा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता हा मारणार.

त्याच क्षणी मला धक्क्यावरून सार्जंट उतरताना दिसला. “कोण आहे तिकडे?” असं तो दोनदा ओरडला. फासिने ढिम्म. मी त्याच्या मागे बघत होते, माझे डोळे बघून तो वळला. मग त्याने तुला खांद्याला धरून होडीत आडवं ढकललं आणि वर जाळं ओढलं. तुला ते ढकलणं कसं वाटलं असेल, मला कळतं. पण तो तुला लपवत होता, दादा.

मग तो केवढ्याने ओरडला आठवतं? “माझी बायको आहे! भांडायला आलीय!” चिखलातले बगळे उडाले. सार्जंट पोट धरून हसला आणि म्हणाला, “अगं बाई, ह्याच्याशी भांडून तुला काय मिळणार?” मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी खरंच भांडायला लागले, कारण मला दुसरं काही सुचेना. भांडत भांडत त्याच्यामागे वर आले. मागे पाणी भरत होतं. होडी उचलली गेली, तू जाळ्यातून उठलास आणि वल्हवत निघालास. मी टाचा उंच करून बघत होते. तू मागे पाहिलं नाहीस.

तुला वाटतं, त्याने ऐकलं आणि तुला माफ केलं नाही. हो ना?

दादा, त्याला ऐकू येत नाही.

डाकारच्या तिसऱ्या दिवशी तोफेजवळच त्याचे कान गेले. दोन्ही. रक्त आलं, मग नुसती शिट्टी वाजत राहिली, मग तीही थांबली. बहिरा तोफखान्यात चालत नाही, म्हणून त्याला इथे पाठवलं. पहाऱ्यावर! डोळे चांगले आहेत म्हणे. सोरीकाकांनी हाका मारल्या, त्याही त्याने ऐकल्या नव्हत्या. माझी पहिली दोन पत्रं त्याला इस्पितळात मिळाली. मी आजारी पड म्हणून लिहिलेलं वाचून हसू आलं, असं तो म्हणाला. मी विचारलं, उत्तर का नाही दिलंस? शेजारच्या पोरांची पाटी आणली होती, तिच्यावर लिहून विचारलं. तर म्हणाला, “बहिरा झालोय, ये, असं लिहायला हात होईना. तू आधीच सोडून गेली होतीस.”

चौथं पत्र माझ्या पदरातच आहे. त्यात तुझ्या जहाजाचं लिहिलंय, म्हणून दिलं नाही. तिसरं वाटेत कुठे गेलं, अल्लाला ठाऊक.

म्हणजे तू बोललास त्यातलं अक्षरही त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. तो समजतो, तू बहिणीला पोचवायला आलास. काल अंगणात बसून म्हणाला, “मोर्लाय जीव धोक्यात घालून एवढा आला, आणि मी त्याला दोन घास खा म्हणूनसुद्धा म्हटलं नाही.” आता त्याला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीने ऐकलं. मी तांदूळ निवडत होते, तशीच निवडत राहिले.

आता सांग, मी काय करू? तू एकदा बोलून बसलास. माझ्याकडे मात्र ते रोज आहे, पाटी समोर असते आणि हातात खडू असतो. तू कळव. तू हो म्हटल्याशिवाय मी लिहिणार नाही.

म्बालिया


बेंटी
७ फेब्रुवारी १९४३

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. आलं असेल तर कुणाच्या हाती पडलं, माहीत नाही. तुझं जहाज इथे नाही, तिथे आहे, एवढंच सोरीकाकांकडून कानावर येत राहिलं. पण आता नदी मोकळी झाली आहे, आणि हे पत्र कादियातूचा जावई तुझ्या हातातच देणार आहे.

आधी घरचं. मला मुलगी झाली, आता चालते. आईचं नाव ठेवलंय. ती रडली की फासिने तिच्या पाठीवर पंजा ठेवून ओळखतो, भुकेने रडते की हट्टाने. माझ्यापेक्षा बरोबर ओळखतो.

डाकारचे फ्रेंच आता इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या बाजूला गेले, हे तुला ठाऊकच असेल. इथे सार्जंटने सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, “आजपासून इंग्रज आपले दोस्त.” रांगेतला एक पोरगा म्हणाला, “मग कालपर्यंत ते कोण होते?” सार्जंट म्हणाला, “कालचं काल.” ऐकू येणारे सगळे हसले. फासिने मागच्या रांगेत होता, घरी येऊन मला विचारायला लागला, काय सांगितलं म्हणून. मी पाटीवर लिहिलं, इंग्रज दोस्त.

तो बराच वेळ ते वाचत होता. मग म्हणाला, “मग माझे कान?”

रागाने नाही म्हणाला, दादा. एखादी वस्तू कुठे ठेवली हे विचारावं, तसा म्हणाला. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. तू हो म्हटलं नव्हतंस, तरी मी लिहिलं. पाटी लहान. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. ‘दादा त्या जहाजावर होता.’ पुसलं. ‘खाली, दारूच्या कोठीत.’ पुसलं. ‘त्या दिवशी चिखलात तेच सांगत होता.’ हे मात्र मला पुसू दिलं नाही. माझा हात धरून ठेवला.

“खाली काही दिसतं का?” त्याने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

“मला दिसत होतं,” तो म्हणाला. “तिसऱ्या दिवशी धुकं गेलं, जहाजं तळहातावर ठेवल्यासारखी दिसत होती. त्यांच्यावर फ्रीटाऊनची माणसं कामाला आहेत, हे आम्हाला ठाऊक होतं. माझ्या मनात मोर्लाय आला. आला, आणि तरी मी नेम धरला. नीट धरला.”

हे तो नेहमीप्रमाणे ओरडूनच म्हणाला. पोरगी दचकून उठली. तिला माझ्याकडे देऊन तो बाहेर पडला आणि संध्याकाळपर्यंत किनाऱ्याने चालत राहिला. धक्क्यापर्यंत जायचा, वळायचा, पुन्हा जायचा. मी दारातून बघत होते. माझ्या मनात आलं, आता ह्या घरात तुझं नाव निघायचं नाही, आणि तो दोष माझा.

अंधार पडायच्या आत परत आला, पाय धुतले, जेवायला बसला. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाला, “त्याला बोलाव.”

मी पाटी ओढली, कशाला म्हणून लिहायला. त्याने ती बाजूला सारली. “तेव्हा मला ओठ वाचता येत नव्हते. आता सावकाश बोललं की तुझे येतात, सार्जंटचे येतात, त्याचेही येतील. त्याला म्हणावं, ये आणि तेच पुन्हा सांग. मग मी माझं सांगेन.”

त्यानंतर तुम्ही दोघं काय कराल, मला माहीत नाही. कदाचित पुन्हा मालकांवरून भांडाल. आता तर दोघांचे मालक एकाच बाजूला आहेत, भांडायला नवं काहीतरी शोधावं लागेल. तो भांडला तर भांडू दे. तुझं जहाज पुन्हा लांब जाणार, असं ऐकते. इथली पोरंही बोटीत भरून उत्तरेकडे नेतायत. म्हणून लवकर ये.

भरतीला ये, म्हणजे चिखल लागणार नाही. धक्क्यावर उतर. तो बहुधा पाण्याकडे पाठ करून जाळं विणत बसलेला असेल. आता पलटणीतून सुटलाय, तेच करतो. मागून खांद्याला हात लावू नकोस, तो फार दचकतो. समोर जा, उजेडात उभा राहा, आणि त्याने मान वर केली की मगच बोलायला लाग. सावकाश बोल.

म्बालिया